दाताळं, खिडकी आणि नॅन

काही चित्रं अशी असतात, की मूळ चित्र दिसायच्या आधीच त्याच्या पन्नास नकला आपल्या डोळ्यांखालून गेलेल्या असतात. रविवर्म्याची लक्ष्मी आपल्यापैकी किती जणींनी खऱ्या कॅनव्हासवर पाहिली आहे? पण कॅलेंडरावर, उदबत्तीच्या पुड्यावर, वाण्याच्या गल्ल्यामागच्या तसबिरीत ती जन्मापासून भेटत आलेली आहे. अमेरिकेतही असं एक चित्र आहे. एक टकलू, चष्मा लावलेला म्हातारा. त्याच्या हातात तीन दातांचं दाताळं, आपल्याकडे खळ्यावर कडबा-पाचट ओढायला वापरतात त्या जातीचं. शेजारी लांबट चेहऱ्याची एक बाई. मागे पांढरं लाकडी घर आणि त्या घराला, काही कारण नसताना, चर्चसारखी टोकदार कमानीची खिडकी. चित्राचं नाव 'अमेरिकन गॉथिक', चितारी ग्रँट वुड, साल 1930.

या जोडप्याच्या जागी तिकडच्या लोकांनी कोणाकोणाला उभं केलं नाही! राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या बायका झाल्या, बाहुल्या झाल्या, कुत्री-मांजरं झाली. मक्याच्या पोह्यांच्या जाहिरातीत हे दोघे आले, 1957 सालच्या 'म्यूझिक मॅन' नावाच्या गाजलेल्या संगीत नाटकातही आले. मीसुद्धा एका चहाच्या कपावर त्यांना आधी पाहिलं होतं आणि हे कोणा सोडावॉटरवाल्याचं चित्र असेल अशी समजूत करून घेतली होती.

2019 च्या ऑगस्टात मी शिकागोला भाचीकडे दीड महिना राहायला गेले, तेव्हा या चित्राशी माझी खरी ओळख झाली. भाची तिथल्या एका साप्ताहिक वर्तमानपत्रासाठी चित्रं काढते. हे पेपर फुकट असतात. रस्त्याच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या पेट्या ठेवलेल्या असतात, त्यातून ज्याला हवा त्याने उचलावा. पैसे जाहिरातींतून येतात. फुकटचा पेपर, तेव्हा पहिल्या पानावरचं चित्र बघूनच माणूस हात घालणार की पुढे जाणार ते ठरतं. त्या आठवड्याचा अंक घरभाड्यांवर होता. शहरातली भाडी अशी वाढली आहेत की नोकरी करणाऱ्या दोघांनाही पुरी पडत नाहीत, हा विषय. आणि पहिल्या पानावर 'अमेरिकन गॉथिक'चं विडंबन हवं होतं. सोमवारी रात्री चित्र द्यायचं, बुधवारी छपाई, गुरुवारी पेट्यांत.

विडंबन म्हटलं की आपल्याला अत्र्यांची 'झेंडूची फुलं' आठवतात. 1925 सालचं पुस्तक, पण अजून हसवतं. त्यात गंमत अशी की मूळ कविता ज्याला ठाऊक त्यालाच ते पुरतं कळायचं. चित्राचंही तसंच. पेपर उचलणाऱ्याने अर्ध्या क्षणात मूळ चित्र ओळखलं पाहिजे आणि पुढच्या अर्ध्या क्षणात काय बदललंय ते त्याच्या ध्यानात आलं पाहिजे. उलट झालं, किंवा दोन्हीला वेळ लागला, की गंमत विरजलीच म्हणायची.

"मावशी, आधी मूळ चित्र नीट बघून येऊ," भाची म्हणाली. "छापलेलं बघून बघून माझी नजर खराब झालीये."

शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट मिशिगन ॲव्हेन्यूवर आहे. दारात ब्राँझचे दोन सिंह, हवेने हिरवट पडलेले. आपल्याला त्या इमारतीचं आणखी एक महत्त्व आहे. 1893 साली सर्वधर्मपरिषद भरली ती इथेच, आणि स्वामी विवेकानंद बोलले तेही इथेच. समोरच्या रस्त्याच्या एका तुकड्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. (जाणार असाल तर पायात जुनी, सरावाची चप्पल किंवा बूट घाला. नवी कोल्हापुरी घालून मी गेले आणि दुसऱ्या दालनापर्यंतच माझी फुगडी संपली.)

चित्र मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. उंची 78 सेंटिमीटर, रुंदी साधारण 65. आपल्याकडे बैठकीच्या खोलीत वडीलधाऱ्यांचा फोटो लावतात तेवढं. कॅनव्हासवरही नाही, लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या पुठ्ठ्यावर आहे. असला पुठ्ठा तिकडे घरांना आतून लावायला वापरत. पण रंग इतके गुळगुळीत की ब्रशचा फटकारा कुठे दिसत नाही.

छापलेल्या चित्रात जे कधीच दिसलं नव्हतं ते मी तिथे पाहिलं. बाईचा एप्रन घरी शिवलेला आहे, गळ्याशी आणि कडेने नागमोडी फीत लावलेली. आपण परकराला, मुलींच्या फ्रॉकला लावायचो तीच. गळ्याशी एक कोरीव ब्रोच. केस चापूनचोपून मागे बांधलेले, पण मानेवर एक बट सुटलेली. सकाळपासून स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईची सुटते तशी. मागे ओसरीवर कुंड्या आहेत. त्यातलं एक झाड उभ्या, पट्टेरी पात्यांचं, त्याला इंग्रजीत 'सासूची जीभ' म्हणतात! म्हाताऱ्याच्या विजारीवरच्या शिवणीत पुन्हा त्या दाताळ्याचाच आकार आहे, तो भाचीने दाखवला तेव्हा दिसला. म्हातारा सरळ आपल्याकडे बघतो. बाई मात्र आपल्याकडे बघत नाही. तिची नजर बाजूला, कुठेतरी लांब.

भाची वही काढून मापं घेत होती. मी नुसती बघत होते. बराच वेळ काहीतरी खटकत होतं आणि काय ते समजेना. मग लक्षात आलं. "अगं, हिला हात कुठे आहेत?"

भाचीने मान वर केली. खरंच, त्या चित्रात हात एकच आहे, म्हाताऱ्याचा, दाताळं घट्ट धरलेला. बाईचा खांदा आहे, बाही आहे, पण हात चौकटीच्या बाहेर राहिलेत. माणूस मागे आणि चौकट पुढे, म्हणून ते ओघानेच झालंय. वुडने मुद्दाम काही केलं असेल असं मला वाटत नाही. पण एप्रन घातलेली बाई आणि तिचे हातच नाहीत, हे आपल्याला जसं दिसतं तसं चितारणाऱ्या पुरुषाला दिसेलच असं नाही.

घरी आल्यावर काम सुरू झालं. मला वाटायचं, चित्रकार बसतो आणि काढतो. पण पोळ्या लाटण्याआधी कणीक भिजवून मुरवावी लागते तसं यांचंही असतं. आधी तिने टपालाच्या तिकिटाएवढी आठ-दहा चित्रं काढली, नुसती पेन्सिलीची. ती टेबलावर मांडून मला लांबून ओळखायला सांगितलं. कुठल्या खुणा ठेवल्या की चित्र ओळखू येतं आणि कुठल्या काढल्या तरी चालतं, याची परीक्षा. खिडकी ठेवली आणि माणसं बदलली, ओळखू आलं. दाताळं काढून झाडू दिला, तरी आलं. दोघांची डोकी शेजारी शेजारी नसली, मधे जरा फट पडली, की संपलं. खिडकीला गोल कमान दिली, तर माझ्या चहाच्या कपाचीसुद्धा आठवण येईना. म्हणजे सगळा खेळ तीन-चार खुणांवर. टोकदार खिडकी, दोन लांबट चेहरे, उभं काहीतरी हातात, आणि दोघांचं ते न हसणं.

दुसरी अडचण पानाच्या मापाची. पेपरचं पान चित्रापेक्षा उभट असतं, शिवाय वरती पेपरचं नाव. ते नाव नेमकं खिडकीच्या टोकावर येणार! खिडकी झाकली की विडंबनाचा कणा मोडला. म्हणून तिने घर खाली ओढलं आणि वर आभाळ वाढवलं. कापड कमी पडलं की आपण खाली पट्टी जोडतो, हिने वर जोडली.

आणि रंग. पेपरचा कागद म्हणजे शाई पिणारा. छापताना प्रत्येक ठिपका थोडा पसरतो आणि चित्र होतं त्याहून काळपट दिसतं. म्हाताऱ्याचा काळा कोट जसाच्या तसा दिला तर डांबराचा डाग उमटणार. कागद मुळात पिवळट-करडा, तेव्हा पांढरं घर पांढरं येणारच नाही. तिने सगळं चित्र मुद्दाम फिकं ठेवलं. आमटी उकळून आटणार हे माहीत असलं की आपण मीठ आधी हात राखून घालतो, तसंच.

हे सगळं ठीक चाललं होतं. अडलं ते बाईवर.

पेपरच्या कलासंपादकाने एक कच्चा आराखडा पाठवला होता. घरावर 'भाड्याने देणे' अशी पाटी. म्हाताऱ्याच्या हातात दाताळ्याऐवजी भलीमोठी किल्ली, तिला तीन दात. (ही कल्पना झकास होती, ती त्याचीच, हे कबूल केलं पाहिजे.) आणि बाईच्या हातात जमिनीपर्यंत लोळणारी बिलांची पट्टी, तोंड वाकडं करून ती नवऱ्याकडे बघतेय. म्हणजे शहरातली भाडी वाढली त्याचं खापर शेवटी बायकोच्या खरेदीवर! भाचीला ते पटेना. पण नाही म्हणायचं तर दुसरं काय देणार, तेही सुचेना. काम हातचं जाईल ही भीती होतीच. असल्या कामात कायमची नोकरी नसते, एका चित्राचे पैसे मिळतात आणि पुढचं चित्र मिळेल की नाही ते आजच्या चित्रावर.

त्या रात्री तिने मला एक फोटो दाखवला. 1942 सालचा. गॉर्डन पार्क्स नावाच्या काळ्या फोटोग्राफरने वॉशिंग्टनमध्ये काढलेला. सरकारच्या शेतीखात्याशी संबंधित एका कचेरीत तो नव्याने उमेदवारीला लागला होता. राजधानीत पाऊल ठेवल्या ठेवल्या त्याला हॉटेलात जेवायला मिळालं नाही, सिनेमाला सोडलं नाही, दुकानात कोट विकत मिळाला नाही, का तर कातडी काळी. त्याचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर त्याला म्हणाले, रागावून नुसते फोटो काढू नकोस, इथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांशी आधी बोल. त्याच इमारतीत एला वॉटसन नावाची बाई रात्री झाडूपोछा करायची. पार्क्स तिच्याशी बोलला. तिच्या वडिलांना जमावाने ठार मारलं होतं. नवरा गोळी लागून गेला होता. वर्षाला 1080 डॉलर पगार, आणि त्यात नातवंडं सांभाळायची.

पार्क्सने तिला अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं. ठिपक्याठिपक्यांचा साधा झगा, चष्मा, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप. दाताळ्याच्या जागी झाडू, पांढऱ्या घराच्या जागी झेंडा. फोटोला नावच पडलं 'अमेरिकन गॉथिक, वॉशिंग्टन'. स्ट्रायकरना तो बघून धडकीच भरली. असले फोटो काढलेस तर आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील, अशा अर्थाचं ते बोलल्याची आठवण पार्क्सने सांगितली आहे. पुढे हाच पार्क्स 'लाइफ' मासिकात नोकरीला लागलेला पहिला काळा फोटोग्राफर झाला.

विडंबन म्हणजे हसवणं, एवढीच माझी कल्पना होती. या फोटोत हसण्यासारखं काही नाही, पण आहे ते विडंबनच. चौकट ओळखीची, खुणा ओळखीच्या, फक्त त्या चौकटीत कधी न आलेली बाई आणून उभी केली. आणि तिच्या हातात तिचं काम आहे.

शनिवारी पहाटे आम्ही आयोवाला निघालो. भाचीला खरं घर बघायचं होतं, जावईबापूंना गाडी चालवायची हौस, आणि मला काय, डबा भरायचा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं. शिकागो सोडलं की तासन्‌तास मका. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात गाडी शिरली की दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहतात, तसा ऑगस्टातला मका. मिसिसिपी नदी ओलांडली की आयोवा. नदीकाठच्या डॅव्हेनपोर्ट गावातल्या म्युझियममध्ये वुडचे आणि त्याच्या बहिणीचे कागद जपून ठेवलेले आहेत. ही बहीण म्हणजेच चित्रातली बाई. तिच्याकडे येतेच.

आमचा पहिला मुक्काम सीडर रॅपिड्स. गावात शिरताच ओट्स भाजल्याचा वास येतो, कारण मोठा कारखाना तिथे आहे. आपल्या जुन्या भडभुंज्याच्या गल्लीतून गेल्यासारखं वाटलं. इथे टर्नर गल्लीत, पाच नंबरच्या जागेत, ग्रँट वुड राहायचा. खाली एका अंत्यविधी करणाऱ्या कंपनीचा घोडागाड्यांचा गोठा, वर माळा. त्या माळ्यावर तो, त्याची विधवा आई हॅटी आणि बहीण नॅन असा संसार. जागा मालकाने आपुलकीने राहायला दिलेली. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी ती बघायला मिळते. दाराला शवपेटीचं काचेचं झाकण वापरलंय, त्यावर घड्याळासारखी तबकडी. काटा फिरवून ठेवायचा, म्हणजे चितारी घरात आहे, आंघोळीला गेलाय की बाहेर, ते आलेल्याला कळावं. कपाटं, फडताळं, खाचा सगळं त्याने स्वतः बनवलेलं. एका माळ्यावर तीन माणसं, त्यात रंगांचा वास आणि स्वयंपाक. मुंबईच्या चाळीत राहिलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गावातल्या म्युझियममध्ये वुडने 1929 साली काढलेलं आईचं चित्र आहे. हातात कुंडी घेतलेली म्हातारी. कुंडीत तेच 'सासूची जीभ' आणि गळ्याशी तोच ब्रोच. आईचा ब्रोच वर्षभराने लेकीच्या गळ्यात आला होता. आणि या म्हातारीला हात आहेत! दोन्ही, कामाने रापलेले, कुंडीभोवती धरलेले. भाची त्या चित्रापुढे इतका वेळ उभी राहिली की जावईबापू दोनदा खाली जाऊन आले.

आता नॅन. 1930 च्या ऑगस्टात वुडला एल्डन नावाच्या खेड्यात ते खिडकीचं घर दिसलं आणि त्या घरात कोण राहत असेल असं त्याच्या मनात आलं. तसली माणसं त्याने गावातूनच उभी केली. बाई म्हणून आपली बहीण घेतली, नुकतीच तिशी ओलांडलेली. म्हातारा म्हणून आपला दाताचा डॉक्टर मॅकीबी, वय 62. चित्रासाठी दोघे कधी एकत्र उभे राहिले नाहीत, त्या घरापुढे तर नाहीच. एप्रनला लावायची नागमोडी फीत तेव्हा फॅशनमधून गेली होती, दुकानात मिळेना, म्हणून आईच्या जुन्या कपड्यांची उसवून लावली, असं नॅनने पुढे सांगितलं आहे. नॅनचा चेहरा मुळात गोलसर. भावाने तो ओढून लांब केला.

चित्राला शिकागोत ब्राँझ पदक आणि 300 डॉलर मिळाले, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी ते छापलं. तिथे घोटाळा झाला. 'शेतकरी आणि त्याची बायको' असं जो तो म्हणू लागला. आयोवातल्या शेतकरणी भडकल्या, की आम्ही काय अशा दिसतो? एकीने तर वुडचा कान चावून तोडीन अशी धमकी दिल्याचं सांगतात. डॉक्टर मॅकीबींना गावाने ओळखलं म्हणून ते खट्टू झाले. आणि तिशीतल्या नॅनला दुप्पट वयाच्या माणसाची बायको ठरवलं गेलं. ती बायको नाही, मुलगी आहे, हे ती आयुष्यभर सांगत राहिली. भावालाही बहुधा चुटपुट लागली असावी. 1931 साली त्याने तिचं दुसरं चित्र काढलं. त्यात तिचा स्वतःचा चेहरा आहे, चांगला ब्लाउज आहे, एका हातात आलुबुखार आणि दुसऱ्या तळव्यावर कोंबडीचं पिल्लू. हात बघा, दोन्ही. पण ते चित्र कोणाला माहीत नाही.

वुड 1942 च्या फेब्रुवारीत गेला, एक्कावन्न पुरी व्हायला एक दिवस उरला होता. नॅन 1990 पर्यंत होती. तेवढ्या काळात तिने आपल्या त्या लांबट चेहऱ्याची शेकडो विडंबनं पाहिली. 1968 साली काहींनी तिच्या चेहऱ्याखाली उघडी छाती चिकटवून छापली, दाखवली. तिने सरळ कोर्टात खेचलं. प्रकरण बाहेर मिटलं. पण बाई चिडकी म्हणावी तर तसंही नाही. सभ्य विडंबनांची कात्रणं ती हौसेने जमवायची, वह्या भरल्या. ते चित्र नसतं तर माझं आयुष्य अगदीच नीरस गेलं असतं, असंही ती म्हणायची. तिची हरकत थट्टेला नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी एल्डन. वस्ती हजाराच्या आत. शेताच्या कडेला ते घर अजून उभं आहे, 1881-82 साली बांधलेलं, आणि चित्रातल्यापेक्षाही लहान वाटतं. आत सहसा सोडत नाहीत. टोकदार खिडकी पुढच्या भिंतीला आहे तशीच मागच्या भिंतीलाही आहे, हे कोणी सांगत नाही, आपण मागे जाऊन बघायचं. घर आता राज्य सरकारच्या इतिहास खात्याचं. 2010 ते 2014 या काळात तिथे एक बाई महिना 250 डॉलर भाड्याने राहिली. नवरा नुकताच वारलेला. शनिवार-रविवारी ती दारात फळांच्या पाया विकायची. पाय म्हणजे आपल्या करंजीचीच थोरली, गोल बहीण, आत सारण, वर पारी. येणारे-जाणारे खिडकीतून डोकावत आणि ही आत पीठ मळत असे. जगप्रसिद्ध घर आणि आमच्या तालुक्याच्या गावात दोन खोल्यांना पडेल तेवढं भाडं! भाड्यांवरच्या अंकासाठी आलेली आम्ही मंडळी बघतच राहिलो.

शेजारी 2007 साली सुरू झालेलं माहिती केंद्र आहे. तिथे काळा कोट, एप्रन आणि दाताळं फुकट देतात. घालावं, घरापुढे उभं राहावं, फोटो काढावा. आमच्या पुढे सात-आठ जोडपी होती. प्रत्येक नवऱ्याने न विचारता दाताळं उचललं, बायकोने एप्रन. हसू नका, हसू नका, असं एकमेकांना बजावत हसत होती. आमची पाळी आली. जावईबापूंनीही सवयीने दाताळ्याला हात घातला, आणि भाची म्हणाली, "अहो, ते जरा मावशीकडे द्या."

मी नऊवारी नव्हे, पण साडी नेसले होते. वरून तो एप्रन. दाताळं वजनाला चांगलंच होतं, दांडा गुळगुळीत. फोटो बरा आला, फक्त मला न हसता येईना.

परतीच्या वाटेवर भाची पाच तासांत चार वाक्यंसुद्धा बोलली नाही. घरी पोचल्यावर टेबलाशी बसली ती सोमवारी संध्याकाळपर्यंत. किल्ली म्हाताऱ्याकडून काढून तिने बाईच्या हातात दिली. त्यासाठी चौकट थोडी खाली सरकवावी लागली, म्हणजे पुन्हा वरच्या आभाळाला कात्री. हात रंगवताना तिने हॅटीबाईंच्या चित्रातले हात आठवले, आणि एकदा मला पातेलं धरून उभं केलं. मोलकरणीच्या, शिक्षिकेच्या, कोणाच्याही असतील असे ते हात. बिलांची पट्टी गेली. बाईचा चेहरा लांबट तोच, बट सुटलेली तीच, फीत तीच. फक्त नजर बदलली. मूळ चित्रात म्हातारा आपल्याकडे बघतो आणि ती बाजूला. इथे म्हातारा वर 'भाड्याने देणे'च्या पाटीकडे बघतोय, आणि ती सरळ पेटीत हात घालणाऱ्या माणसाकडे. किल्ली आहे, घर आहे, आणि तरी दोघे बाहेर उभे. पायाशी एक सूटकेस.

कलासंपादकाला पाठवताना तिने सोबत दोनच ओळी लिहिल्या. उत्तर यायला तीन तास लागले. त्या तीन तासांत तिने बेसनाचे लाडू वळले आणि ते सगळे बसले. शेवटी उत्तर आलं, पाटीवरचं अक्षर मोठं करा. बाईबद्दल एक अक्षर नाही.

गुरुवारी आम्ही तिघं मुद्दाम चालत कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेलो. काळा कोट डांबरासारखा आला नव्हता. आभाळ थोडं मळकट झालं होतं, ते झालंच असतं. कामावरून परतणारी एक मध्यमवयाची बाई आली, खांद्याला पिशवी, पेपरकडे नुसती नजर टाकून दोन पावलं पुढे गेली, आणि मागे येऊन एक अंक घेऊन गेली.

पुढच्या अंकात वाचकांची पत्रं आली त्यात एक या चित्रावर होतं. एका गृहस्थांनी विचारलं होतं, की मूळ चित्रात बाई इतकी नम्र दिसते, तुमच्या चित्रकर्तीने तिला अशी रोखून बघणारी का केली? भाचीने ते कात्रण कापून ठेवलं.